कंजूषपणा म्हणजे वैराग्य नव्हे

माउली, १९७२चा दुष्काळ आपण भोगला, म्हणून हात आखडतो, हे खरे. पण बँकेत ठेवी असताना कारभारणीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणे, हे कसले वैराग्य? ही तुळशीमाळ घातलेली आसक्तीच!

तुकोबांनी दुष्काळात घरची माणसे गमावली. तरी आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. कान्होबांच्या वाट्याची मात्र त्यांना दिली. (दुसऱ्याच्या पैशावर उदार झाले नाहीत, हेही ध्यानी घ्यावे.) गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या, पण पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. त्यांनी काटकसर स्वतःच्या अंगाला लावली. आपण ती बायकोच्या डोळ्यांना लावतो.

उद्यापुरते ठेवा, कोण नको म्हणतो? पण आषाढीआधी ऑपरेशन उरका. तिलाही कळस दिसू द्या.