एकत्र कसोटी, जोडीची कसोटी आणि आपला सल्ला

शोधनिबंध हाती घेतला की आपल्यापैकी बहुतेकांची नजर प्रथम पी-मूल्याकडे जाते. ते ०.०५ पेक्षा कमी असले की उपाय गुणकारी आणि जास्त असले की निरुपयोगी, असा निवाडा आपण करून मोकळे होतो. दोन गटांच्या तुलनेतही ही घाई बरी नव्हे. तीन-चार गट असतील तेव्हा तर ती रुग्णाच्या हिताच्या आड येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरण आपल्या शेजारच्याच राज्यातील आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र तीत सहभागी होते. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या: एचपीव्ही तपासणी, पॅप तपासणी, अ‍ॅसिटिक आम्ल लावून नजरेने तपासणी (व्हीआयए) आणि नियंत्रण गट. तपासणी एकदाच झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या कर्करोगाने अनुक्रमे ३४, ५४, ५६ व ६४ मृत्यू झाले.

येथे दोन निरनिराळे प्रश्न संभवतात. एकत्र कसोटी विचारते, 'चारही गट सारखेच आहेत काय?' तिचे उत्तर 'नाहीत' असे आले, तरी वेगळा कोण हे ती सांगत नाही. ते जोड्यांच्या तुलनेतूनच कळते. चार गटांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येकीस पाच टक्के चुकीची मुभा दिली आणि तुलना परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर निदान एक खोटा फरक दिसण्याची शक्यता २६ टक्क्यांवर जाते. म्हणून मर्यादा कडक करावी लागते. बॉन्फेरोनीच्या साध्या रीतीने ती ०.०५ भागिले सहा, म्हणजे सुमारे ०.००८ होते.

कधी एकत्र कसोटी सार्थ ठरते पण एकही जोडी ठरत नाही. कधी याच्या उलट घडते. त्यात विसंगती नाही. अनेक लहान फरक मिळून एकत्र कसोटीत उमटतात, तर एका जोडीतील ठळक फरक बाकीच्या सारख्या गटांत विरून जातो. कोणता प्रश्न विचारायचा, हे आकडे पाहण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

उस्मानाबादेत एचपीव्ही गटातील मृत्यूचे प्रमाण नियंत्रण गटाच्या ०.५२ पट होते (विश्वासमर्यादा ०.३३ ते ०.८३). या मर्यादांवरून हिशेब केल्यास हा निष्कर्ष कडक कसोटीवरही टिकतो. व्हीआयए गटाचे प्रमाण ०.८६ पट होते (मर्यादा ०.६० ते १.२५), म्हणजे सार्थ नाही. परंतु 'सार्थ नाही' म्हणजे 'उपयोग नाही' नव्हे. या मर्यादांत चाळीस टक्के लाभही बसतो आणि थोडी हानीही. शिवाय एक तुलना सार्थ व दुसरी असार्थ, एवढ्यावरून त्या दोन तपासण्यांतील फरक सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या दोहोंचीच थेट तुलना करावी लागते.

पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा स्मारकाने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत व्हीआयए केली आणि मृत्यूंत ३१ टक्के घट दिसली. उस्मानाबादच्या मर्यादांत ही घट सहज सामावते. २००९ सालीच व्हीआयएला 'निकामी' ठरविणाऱ्याने किती मोठी संधी दवडली असती!

साखळीहून किंवा मयेहून आपल्याकडे येणाऱ्या भगिनीला पी-मूल्याशी कर्तव्य नसते. तपासणी करून घ्यावी की नाही, एवढेच तिला हवे असते. एचपीव्ही तपासणी शक्य असेल तर तीच करावी. ती आवाक्यात नसेल तर व्हीआयए पुनःपुन्हा करणे हे काहीच न करण्यापेक्षा निश्चित श्रेयस्कर. हा सल्ला सारांशातील एका ओळीवरून देता येत नाही. म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे: निबंध वाचताना किती गट, किती जोड्या, मर्यादा कुठून कुठवर, हे तीन प्रश्न आधी विचारावेत आणि मगच पी-मूल्याकडे वळावे.