जुन्या उपासनेची ओढ: तरुणांना बंदी नको, काम द्या

दरवर्षी पेंटेकॉस्ट या सणाआधीच्या शनिवारी पॅरिसहून एक पायी यात्रा निघते आणि सोमवारी शार्त्रच्या कॅथीड्रलला पोहोचते. अंतर सुमारे १०० किलोमीटर. १९८३ साली सुरू झालेल्या या यात्रेत अलीकडे १५ हजारांहून अधिक लोक चालतात आणि त्यांत तरुणांचाच भरणा मोठा असतो. यात्रेतली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, १९६२ च्या जुन्या विधिग्रंथाप्रमाणे होते: भाषा लॅटिन, गायन ग्रेगोरियन, धर्मगुरू आणि भाविक या दोघांचीही तोंडे वेदीकडे. ज्या फ्रान्समध्ये रविवारच्या मिस्सेला जाणाऱ्यांची संख्या गेल्या दोन पिढ्यांत रोडावत गेली, त्याच देशात विशीतली मुले तीन दिवस उन्हापावसात चालत प्रार्थना करतात. इंग्लंड आणि अमेरिकेतही जुनी उपासना, जुनी वास्तुकला आणि जुने चर्चसंगीत यांचा ध्यास घेतलेले तरुण कॅथलिक आहेत. एकूण कॅथलिकांत त्यांचे प्रमाण थोडेच. तरीही या प्रश्नावर दोन पोपांनी परस्परविरुद्ध निर्णय घेतले. २००७ मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या मिस्सेला मोकळीक दिली. २०२१ मध्ये फ्रान्सिस यांनी ती आवळली. या तरुणांच्या उत्साहाला चर्चने अडथळा समजू नये आणि नुसते कौतुक करूनही सोडून देऊ नये. त्याला शिक्षण द्यावे आणि काम द्यावे. चर्चचा स्वतःचा इतिहास हेच सांगतो, असे माझे म्हणणे आहे.

या ओढीला सहसा गतकाळाचा उमाळा म्हटले जाते. हे निदान टिकत नाही. पोप सहाव्या पॉल यांचा नवा विधिग्रंथ १९६९ च्या आगमनकाळापासून वापरात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, जुनी मिस्सा पूर्ण नाहीशी होऊ नये म्हणून इंग्लंडमधून एक विनंतीपत्र रोमला गेले. त्यावर लेखिका अगाथा ख्रिस्ती, कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन अशांच्या सह्या होत्या. अगाथा ख्रिस्ती आणि मेन्युहिन तर कॅथलिकही नव्हते. युरोपच्या संस्कृतीतला एक मोठा ठेवा डोळ्यांदेखत जातो आहे, या जाणिवेने ती मंडळी पुढे आली होती. आज विशी-पंचविशीत असलेल्या मुलाचा जन्मच २००० च्या आगेमागे झालेला. त्याने जुनी मिस्सा लहानपणी पाहिलेली नाही. बहुतेकदा त्याच्या आईवडिलांनीही नाही. जे कधी आपले नव्हतेच त्याची हळहळ त्याला कशी वाटेल? त्याच्यासाठी ती नव्याने सापडलेली गोष्ट आहे. तरुणांनाही ही उपासना आपलीशी वाटते आहे, याची नोंद बेनेडिक्ट यांनी २००७ च्या निर्णयासोबतच्या पत्रात केली होती. ती नोंद आजही लागू पडते.

त्यांना तिथे काय सापडते, हे ग्रेगोरियन गायनाकडे जवळून पाहिले की कळते. चार रेघांवर चौकोनी स्वरचिन्हे. वाद्याची साथ लागत नाही, ठरावीक मात्रांचा ताल नाही, सुरांवर सुरांचे थर नाहीत. सगळ्यांनी मिळून गायची एकच स्वररेषा, आणि ती शब्दांच्या ओघाने पुढे सरकते. तालाचा आधार नसल्यामुळे शेजारच्याचा श्वास ऐकूनच गावे लागते. कोणी आपला आवाज पुढे काढला की सारे बिघडते. शब्द गायकाने निवडलेले नसतात. शेकडो वर्षे तेच आहेत. जुन्या चर्चची रचनाही अशीच बोलते. लांब मधला पट्टा, त्याच्या टोकाला उंचावलेली वेदी, वर चढत जाणाऱ्या कमानी: आत येणाऱ्याची नजर स्वतःवरून आणि शेजाऱ्यावरून उठून एका दिशेला जावी, असे सगळे बांधलेले असते. प्रत्येक गोष्ट ज्याने त्याने आपल्या आवडीने ठरवायची, असे शिकवणाऱ्या काळात वाढलेल्या मुलाला आपल्या आवडीची पर्वा न करणारी ही शिस्त ओझे वाटत नाही. तिथे त्याला आपली कामगिरी दाखवावी लागत नाही. म्हणून या ओढीला मी श्रद्धेची भूक म्हणेन. तिला शैलीची हौस म्हणणे अन्यायाचे होईल.

तरुणांच्या अशा ध्यासातून चर्चमध्ये काय घडू शकते, याचा मोठा दाखला फ्रान्समध्येच आहे. १८३३ साली प्रॉस्पेर गेरांजे हा २८ वर्षांचा धर्मगुरू सोलेम या गावातल्या जुन्या, ओसाड मठात मूठभर सोबत्यांसह राहायला गेला. राज्यक्रांतीने फ्रान्समधले मठ बंद पाडले होते. बेनेडिक्टाइन उपासनाजीवन तिथे पुन्हा सुरू करायचे, एवढाच त्याचा हट्ट. त्याच्या मठातून पुढे ग्रेगोरियन गायनाचे पुनरुज्जीवन झाले, आणि ते नुसत्या भावनेवर झाले नाही. सोलेमच्या साधूंनी युरोपभरातली मध्ययुगीन हस्तलिखिते गोळा केली, त्यांची छायाचित्रे काढली आणि १८८९ पासून ती छापायला घेतली. एकाच गीताचे दोनशेहून अधिक हस्तलिखितांतले पाठ त्यांनी शेजारी शेजारी मांडले, की मूळ चाल कोणती हे ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावे. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये चर्चसंगीतासंबंधी जो आदेश काढला, त्यामागे हे काम होते. लोकांनी उपासनेत सक्रिय सहभागी व्हावे, हा आग्रह त्या आदेशात आहे. ज्या परिषदेच्या सुधारणांतून पुढे नवा विधिग्रंथ आला, त्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत केला, तेव्हा हाच आग्रह त्याच्या मध्यभागी होता. म्हणजे ज्या परिषदेच्या नावाने आज या तरुणांना बोल लावला जातो, तिच्यामागच्या उपासना-चळवळीचा एक झरा गेरांजेच्या मठातच उगम पावलेला आहे.

त्याच शतकात इंग्लंडमध्ये ऑगस्टस प्युजिन नावाचा असाच एक झपाटलेला तरुण वास्तुविशारद होऊन गेला. वयाच्या तेविसाव्या वर्षी तो कॅथलिक झाला आणि पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, मध्ययुगीन वास्तू आणि आपल्या काळातल्या इमारती यांची चित्रांतून तुलना करणारे पुस्तक काढून त्याने खळबळ उडवली. स्टॅफर्डशरमधल्या चीडल गावातले त्याचे सेंट जाइल्स चर्च १८४६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या लाल दारांवर सोनेरी सिंह आहेत आणि आत भिंती, खांब, छत, सारे रंगांनी आणि नक्षीने भरलेले आहे. पण प्युजिनच्या ध्यासाला दुसरी बाजूही होती. गॉथिक शैली हीच काय ती खरी ख्रिस्ती शैली, बाकी सगळे मूर्तिपूजकांचे, इथवर तो गेला. वेदी आणि लोक यांच्यामध्ये कोरीव लाकडी पडदा असलाच पाहिजे, यावरून धर्मगुरू न्यूमन आणि त्यांच्या सोबत्यांशी त्याने वाद घातला. खुद्द रोममधले सेंट पीटरचे चर्च त्याच्या कसोटीला उतरत नव्हते! सोलेमचे साधू शेकडो पाठ ताडून पाहत होते. प्युजिनने एका काळालाच सगळी परंपरा मानले. आजच्या तरुणांपुढे हे दोन्ही रस्ते खुले आहेत. ते कोणत्या रस्त्याने जातील, हे त्यांना कोण शिकवते यावर अवलंबून राहील.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की, जुन्या मिस्सेच्या आडून परिषदेलाच नकार दिला जातो आणि कडव्या राजकारणाला जागा मिळते. हा आक्षेप हवेतला नाही. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९८८ मध्ये पोपच्या संमतीशिवाय चार बिशपांना दीक्षा दिली आणि उघड फूट पडली. त्यांच्या गोटातले काही जण फ्रान्समधल्या अतिउजव्या राजकारणाच्या जवळ होते. चर्चच्या एकीची फ्रान्सिस यांची काळजी म्हणूनच समजण्यासारखी आहे. पण उपाय कोणाला लागतो, हे पाहावे लागेल. ज्याला भांडायचेच आहे तो बंदीनंतर वेगळी चूल मांडतो. ज्याला नुसती प्रार्थना करायची आहे तो मात्र दाराबाहेर पडतो आणि पहिल्याच्या हाती लागतो. शिवाय परिषदेच्या १९६३ च्या त्याच दस्तऐवजाने ग्रेगोरियन गायनाला उपासनेत मानाचे स्थान द्यायला, लॅटिन जपायला आणि पाइप ऑर्गनचा मान राखायला सांगितले आहे. किती धर्मग्रामांत हे झाले? परिषद मानायची तर ती पूर्ण मानली पाहिजे. जुन्या उपासनेच्या चाहत्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत ज्यूंविषयी एक अवमानकारक शब्द शेकडो वर्षे होता. तो पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढला, परिषद भरण्याच्याही आधी. जुने आहे म्हणून जसेच्या तसे ठेवावे, असे परंपरेने कधी म्हटलेले नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा: गरिबांच्या जगात ऑर्गन आणि रंगीत काचा कशाला? याचे उत्तर गोव्याने फार पूर्वी दिले आहे. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये गावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. उद्देश एवढाच की रविवारच्या मिस्सेला गायक-वादक मिळावेत. त्या शिदोरीवर कित्येक गोवेकरांनी मुंबईच्या बँडमध्ये आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोट भरले. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ मोठ्या प्रमाणावर त्यांच्या हातांनी घडला. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस त्यांच्यापैकीच. त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातून त्यांचे नाव देशभर पोहोचवले. देवळात शिकवलेले चांगले संगीत गरिबाच्या पोराला आयुष्यभर पुरते. ते त्याच्यापासून काढून घेऊन त्याच्या हाती सोपे, कसेबसे बसवलेले काहीतरी देणे, हा गरिबांचा कैवार नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि तो मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो: भारतात लॅटिन उपासना म्हणजे वसाहतीचीच खूण नाही का? गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते. मंदिरे पाडली गेली. १६८४ च्या फर्मानाने कोकणी भाषा मोडून काढण्याचा घाट घातला गेला. हे झाकून परंपरेचा अभिमान बाळगता येत नाही. पण ही परंपरा संपूर्णपणे परकी होती, हेही खरे नाही. उपवासकाळात गोव्यात गायली जाणारी मोतेत ही धर्मगीते लॅटिन शब्दांवर बेतलेली असली, तरी ती गोव्याच्याच संगीतकारांनी रचली आहेत. राशोल इथे १६१६ मध्ये छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत आहे, ओवीत आहे, आणि त्याच्या ओव्या दहा हजारांहून जास्त भरतात. ते प्युजिनच्या चर्चहून दोनशे वर्षांनी जुने आहे. वसईच्या एखाद्या कॅथलिक तरुणाने लॅटिन गायन जरूर शिकावे. पण त्याला ‘ख्रिस्तपुराणा’ची ओवी म्हणता येत नसेल, तर त्याची परंपरा अर्धीच राहिली. परिषदेनंतर मराठीत आलेल्या मिस्सेने वसईच्या घराघरांत शास्त्रवचनांचा अर्थ पोहोचवला. ती कमाईही आता परंपरेचाच भाग आहे आणि ती परत करण्याचा प्रश्नच येत नाही.

जुन्या गोव्यातले बॉम जेझूचे बॅसिलिका या संदर्भात मोठा धडा देते. १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या या चर्चचा तांबडा, उघडा जांभा आज छायाचित्रांमुळे जगाला माहीत आहे. तेच त्याचे मूळ रूप, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि तो १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली खरवडून काढला गेला, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून. जांभा सच्छिद्र, गिलाव्याचे संरक्षण गेल्यावर कोकणपट्टीचा पाऊस त्यात मुरत राहिला आणि दगड झिजू लागला. गिलावा पुन्हा करावा, अशी मागणी त्यामुळेच होते आहे. जुनेपणाच्या कल्पनेवर प्रेम करणाऱ्यांनी जुनी वास्तूच उघड्यावर टाकली, असे हे उदाहरण आहे. प्रेमाला माहितीची जोड नसेल, तर ते जपण्याच्या नावाखाली नुकसान करते.

म्हणून दोन्ही बाजूंना काही करावे लागेल. बिशपांनी जुन्या मिस्सेला, जिथे लोक एकीत राहून ती मागतात तिथे, जागा द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नेहमीच्या रविवारच्या मिस्सेतच शांतता, चांगले गायन आणि नीट राखलेली वेदी यांची सोय करावी. फ्रान्सिस यांनीही २०२२ च्या पत्रात उपासनेच्या शिक्षणावर आणि शांततेवर भर दिला होता; त्याची अंमलबजावणी धर्मप्रांतांच्या हाती आहे. प्रत्येक धर्मप्रांताने प्रशिक्षित संगीतशिक्षक नेमावेत आणि त्यांना जगता येईल इतका पगार द्यावा. तरुणांनी आपला ध्यास इतरांच्या उपासनेची टवाळी करण्यात घालवू नये. त्यांनी लॅटिन शिकावे, स्वरलिपी शिकावी, मोतेतांच्या जीर्ण वह्या गोळा करून त्यांच्या प्रती काढाव्यात, जांभ्याला चुना का लागतो हे गवंड्याकडून समजून घ्यावे आणि शिकलेले सगळे पुढच्या मुलांना फुकट शिकवावे. सोलेमच्या कामाला पिढ्या लागल्या आणि त्याचे फळ साऱ्या चर्चला मिळाले. आजच्या उत्साहाकडूनही तेवढीच अपेक्षा धरली पाहिजे, आणि ती पुरी करायला लागणारा वेळ, जागा आणि विश्वास चर्चने त्याला दिला पाहिजे.