अडीचशे रुपयांचा पंखा

विषय वाचून काहींना हसू येईल. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाने इन्व्हर्टरच्या पंख्यावर लिहावं, हे जरा विचित्रच. पण माझं एक मत झालंय आणि ते मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. यंत्राचा कोणता भाग आधी झिजणार हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तो भाग सहज बदलता येईल अशी सोय ठेवणं आणि तसं गिऱ्हाइकाला सांगणं, हे त्याचं कर्तव्य आहे.

घरगुती यूपीएस, ज्याला आपण सगळे इन्व्हर्टर म्हणतो, तो आपल्याकडे अनेक घरांत आला तो २००५च्या आगेमागे, भारनियमनाच्या दिवसांत. तेव्हा दिवे आणि पंखे चालले की आपण खूश असायचो. आता आमच्याकडे त्यावर हिचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतं. म्हणजे साधारण साडेतीनशे वॅटचा भार, तोही रात्रभर.

हे यंत्र बॅटरीतल्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतं. त्या खटाटोपात काही वीज उष्णता होऊन जाते आणि ती बाहेर फेकायला आत तळहाताएवढा पंखा असतो. अख्ख्या पेटीत गरगर फिरणारा भाग तेवढाच, म्हणून झिजणाराही तोच. बॅटरी बदलावी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. पंख्याचं मात्र आमच्या माहितीपुस्तकात नावसुद्धा नाही.

गेल्या मे महिन्यात वीज गेली की अर्ध्या तासाने इन्व्हर्टर बंद पडू लागला. थोडा वेळ थांबून लावला की पुन्हा सुरू. शेजारी सिलिंडर असतो म्हणून निभावलं. सेवा केंद्राचा माणूस आला, झाकण न उघडताच "बोर्ड गेलंय, नवीन घ्या" म्हणाला आणि निघून गेला. मग गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मात्र आधी कान लावला. पंख्याचा आवाजच नव्हता! धूळ खाऊन तो जाम झाला होता. पंखा अडीचशे रुपये, मजुरी दोनशे.

त्याच्याकडून शिकलो ते सांगतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टर पूर्वी तीन तास चालायचा आणि आता वीस मिनिटांतच मान टाकतो, तर संशय बॅटरीवर घ्यावा. डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी, टोकांवर पांढरी-निळी भुकटी जमली आहे का ते पाहावं. पण बॅटरी भरलेली असूनही यंत्र तापून बंद पडतं आणि निवलं की चालू होतं, तर आधी पंखा तपासावा. जाणकाराने पंख्याच्या दोन तारांवर मीटर लावावा. वीज पोचते आणि पंखा फिरत नाही, तर पंखा गेला. वीजच पोचत नसेल तर दोष मागे बोर्डात असू शकतो. काही यंत्रांत पंखा तापल्यावरच सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावं. नवा पंखा त्याच व्होल्टचा, त्याच मापाचा घ्यावा. शक्यतो बॉल बेअरिंगचा, कारण उष्णतेत तो जास्त टिकतो. हवा कुठल्या दिशेने जाते त्याचा बाण बहुधा पंख्यावर कोरलेला असतो. तो जुन्यासारखाच ठेवावा, नाहीतर हवा उलटी वाहील.

कंपन्या म्हणतात, आत हात घालणं धोक्याचं आहे. खरंच आहे ते. भिंतीतला प्लग काढला तरी बॅटरी जोडलेली असते, आणि बॅटरी सोडवली तरी कपॅसिटरमध्ये वीज काही काळ शिल्लक राहते. म्हणून तुम्ही-आम्ही पेटी उघडू नये, हे मीही म्हणतो. पण धोका आहे म्हणून दुरुस्तीवाल्याला नकाशा आणि सुटा भाग द्यायचा, की पेटीच भंगारात काढायला लावायची? औषधाची बाटली मुलांच्या हाती देत नाहीत, म्हणून ती डॉक्टरपासूनही लपवत नाहीत ना!

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचं पोर्टलही सुरू केलं. चांगलंच झालं. पण हक्क कागदावरून पेटीपर्यंत यायला हवा. पंख्याला बाहेरून काढता येईल असं झाकण हवं, पुस्तकात त्याचं माप हवं आणि तो थांबला तर यंत्राने ओरडून सांगायला हवं. बॅटरी संपत आली की ते ओरडतंच की!

ज्यांच्या घरी कुणाचा श्वास या पेटीवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी हा पैशांचा प्रश्न नाही. तेव्हा मंडळी, पेटीवरचे कपड्यांचे गठ्ठे उचला, भिंतीपासून ती वीतभर पुढे ओढा, आणि पुढच्या वेळी वीज गेली की जरा कान देऊन ऐका. पंखा फिरतोय ना?