कानांनीं वाचावयाचीं पुस्तकें

मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं आहे, घरांत आजी-आजोबा दोघेंच आहेत, आजोबांची दृष्टि मंद झाली आहे, आणि मुलानें त्यांच्या मोबाईलवर श्राव्य पुस्तकांची मासिक वर्गणी भरून ठेविली आहे, असें दृश्य आतां आपल्यांतील पुष्कळ घरीं दिसूं लागलें आहे. श्राव्य पुस्तक म्हणजे ज्यास व्यवहारांत सर्वजण ऑडिओबुक म्हणतात तें. आजोबा झोपाळ्यावर बसून कादंबरी ऐकतात; आजीबाई भाजी निवडतां निवडतां प्रवासवर्णन ऐकतात. ही सोय उत्तम आहे आणि तिची निंदा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु संसारी माणसानें कोणत्याही नव्या सोयीविषयीं दोन प्रश्न विचारावयाचे असतात. तिला खर्च किती लागतो, हा पहिला. आणि पैसे भरणें थांबलें म्हणजे आपल्या हातीं काय राहतें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर प्रत्येक गृहस्थास तोंडपाठ असतें. दुसऱ्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, हातीं कांहींच राहत नाहीं. बारा महिने वर्गणी भरून ऐकलेलीं पुस्तकें तेराव्या महिन्यांत वर्गणी चुकली कीं दिसेनाशीं होतात. छापील पुस्तकाचें तसें नसतें. एकदां विकत घेतलेली कादंबरी आपण वाचतों, शेजारणीस देतों, ती तिच्या माहेरीं जाऊन येते, आणि शेवटीं गांवच्या वाचनालयास भेट म्हणून दिली तर आणखी वीस वर्षें लोकांच्या उपयोगीं पडते. वर्गणीच्या पद्धतींत आपण ऐकण्याची परवानगी तेवढी घेत असतों, आणि ती परवानगी दुसऱ्यास देतां येत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, ऐकावयाचीं पुस्तकेंही वाचावयाच्या पुस्तकांप्रमाणेंच सार्वजनिक वाचनालयांतून उसनीं मिळालीं पाहिजेत, आणि तशीं तीं मिळावीं यासाठीं खटपट करणें हें सुशिक्षित घरांचें काम आहे.

ऐकणें म्हणजे कमी प्रतीचें वाचन, असें समजण्याची खोड आपल्याकडे आहे. ती ज्यांस असेल त्यांनीं रायगड जिल्ह्यांतील पेण तालुक्याकडे पाहावें. तेथील गागोदें बुद्रुक या लहानशा गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा, जन्मले. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. विनायकाचें बाळपण आजोबांच्या व आई रुक्मिणीबाईंच्या सहवासांत गागोद्यास गेलें. मातोश्रींस गीता समजून घेण्याची उत्कंठा होती, परंतु संस्कृत येत नव्हतें. सोप्या मराठींत कोणी ती आणील तरच ती त्यांच्यापर्यंत पोंचणार होती. मुलानेंच तें करावें, अशी इच्छा त्यांनीं बोलून दाखविली. त्या १९१८ सालीं वारल्या. 'गीताई' रचण्यास विनोबांनीं आरंभ केला तो १९३० च्या ऑक्टोबरांत. ती पुरी झाली १९३१ च्या फेब्रुवारींत आणि छापून निघाली १९३२ सालीं. जिच्यासाठीं ती रचावयाची तिच्या कानांवर ती पडूं शकली नाहीं.

त्याच १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवारीं, विनोबांनीं सोबतच्या कैद्यांस गीतेवर अठरा प्रवचनें सांगितलीं. साने गुरुजी त्या श्रोत्यांत होते. त्यांनीं तीं ऐकतां ऐकतां उतरून घेतलीं. 'गीता-प्रवचनें' हा ग्रंथ असा कानांतून कागदावर आलेला आहे. ज्यास तो आज छापील पानावरून वाचवत नाहीं त्यास तो पुन्हां कानांनीं मिळाला, तर त्यांत ग्रंथाची कोणती हानि झाली?

विनायक पुढें शिक्षणासाठीं ज्या बडोद्यास गेला तेथें त्याच सुमारास श्रीमंत सयाजीराव महाराज सार्वजनिक वाचनालयांची घडी बसवीत होते. १९१० सालीं त्यांनीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविलें, मध्यवर्ती ग्रंथालय उभें केलें, आणि पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या गांवोगांव फिरत्या ठेविल्या. ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठीं त्याच खात्यानें मॅजिक लँटर्नवर चित्रें दाखविण्याची योजना केली. ज्यास वाचतां येत नाहीं त्याचाही वाचनालयावर हक्क आहे, हा विचार शंभर वर्षांपूर्वीं एका मराठी राजानें अमलांत आणला होता, हें विसरतां कामा नये.

श्राव्य पुस्तकाचा जन्मही मुळीं वाचनालयांतच झाला. वर्गणी मागाहून आली. अमेरिकेच्या कायदेमंडळानें १९३१ सालीं अंध प्रौढांस पुस्तकें पुरविण्याचा कायदा केला, आणि १९३४ च्या सुमारास त्या योजनेंत ब्रेल लिपीच्या जोडीला बोलक्या तबकड्या आल्या. इंग्लंडांत ७ नोव्हेंबर १९३५ रोजीं अशीच सेवा सुरू झाली. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांचा विचार तिच्या मुळाशीं होता. तबकडीच्या एका बाजूस सुमारें पंचवीस मिनिटांचें वाचन मावे, म्हणून एका कादंबरीस दहाएक तबकड्या लागत. त्या टपालानें घरीं येत आणि ऐकून झाल्यावर टपालानेंच परत जात. ॲगथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा त्या पहिल्या पुस्तकांत होती. म्हणजे केवळ उपदेशपर ग्रंथच द्यावे, असा सोंवळेपणा तेव्हांही नव्हता.

आपल्याकडे १९५२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे 'नॅब', या संस्थेनें स्वयंसेवकांकडून पुस्तकें वाचवून घेऊन तीं ध्वनिमुद्रित करण्याचें कार्य केलें. पुढें २०१२ च्या दुरुस्तीनें आपल्या कॉपीराइट कायद्यांत अपंगांसाठीं सुगम प्रती करण्याची मुभा आली. २०१३ सालीं मोरोक्कोंतील मराकेश येथें याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ सालीं त्यास मान्यता देणारें पहिलें राष्ट्र भारत ठरलें. २०१६ च्या ऑगस्टांत 'सुगम्य पुस्तकालय' हें इंटरनेटवरील ग्रंथालय सुरू झालें. अंधत्वामुळें, मंद दृष्टीमुळें किंवा हातांनीं पुस्तक धरतां न आल्यामुळें ज्यास छापील मजकूर वाचतां येत नाहीं, त्यास दाखला देऊन तेथें सभासद होतां येतें आणि अनेक भारतीय भाषांतील पुस्तकें ऐकण्याजोग्या रूपांत घेतां येतात. कांचबिंदूनें दृष्टि गेलेले वडील ज्या घरीं आहेत त्या घरानें वर्गणी भरण्यापूर्वीं हें दार ठोठावून पाहावें. दुर्दैवानें, दार आहे हेंच पुष्कळांच्या कानीं गेलेलें नाहीं.

आतां ज्यांची दृष्टि शाबूत आहे, परंतु प्रवासांत वा घरकामांत ज्यांस पुस्तक ऐकावयाचें आहे, त्यांचें काय? परदेशीं राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांस विचारावें. अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं गांवच्या वाचनालयाचें कार्ड असलें म्हणजे 'लिबी' नांवाच्या ॲपमधून श्राव्य पुस्तक दोन-तीन आठवडे उसनें मिळतें. मुदत संपली कीं तें आपोआप परत जातें, आणि वाचकास पैसा पडत नाहीं. वाचनालयास मात्र पडतो. त्यास प्रकाशकाकडून परवाना विकत घ्यावा लागतो. बहुधा एका परवान्यावर एका वेळीं एकच वाचक, म्हणून लोकप्रिय पुस्तकास रांग लागते. आणि कित्येक परवाने ठराविक मुदतीनें संपतात, ते पुन्हां घ्यावे लागतात. हा भार तेथें मुख्यतः स्थानिक कर उचलतात. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यांत असा ग्रंथालय-कर नाहीं. आपलीं वाचनालयें सरकारी अनुदान, सभासदांची वर्गणी व देणग्या यांवर चालतात. तेव्हां तिकडची व्यवस्था जशीच्या तशी उद्यां येथें येईल, असें आम्ही म्हणत नाहीं.

तथापि आज करतां येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली कायद्याची. २०१२ च्याच दुरुस्तीनें कॉपीराइट कायद्यांत व्यापारी भाड्याची व्याख्या आली, आणि नफ्यासाठीं न चालणाऱ्या ग्रंथालयानें कायदेशीरपणें मिळविलेली ध्वनिमुद्रणाची प्रत उसनी देणें त्या व्याख्येंतून वगळण्यांत आलें. अर्थ असा कीं, वाचनालयानें रीतसर विकत घेतलेली बोलक्या पुस्तकाची सीडी सभासदास घरीं नेऊं देण्यास त्या कलमाची आडकाठी नाहीं. अडचण आहे ती प्रतीची. २०१७ सालीं स्टोरीटेल ही स्वीडनमधील कंपनी भारतांत आल्यापासून मराठी श्राव्य पुस्तकांची संख्या पुष्कळ वाढली, आणि लेखकांस व वाचन करणाऱ्या कलावंतांस नवें काम मिळालें, हें मान्य केलेंच पाहिजे. पण वर्गणीनें ऐकावयाच्या पुस्तकाची प्रतच कोणाच्या हातीं येत नसेल, तर ती वाचनालयाच्या कपाटांत कोठून येणार? म्हणून वाचनालयांनीं एकत्र येऊन प्रकाशकांकडे मागणी करावी कीं, श्राव्य पुस्तकाची एक प्रत किंवा एक परवाना वाचनालयांसाठींही विक्रीस ठेवावा. लेखकाचा मोबदला बुडावा असें यांत कांहीं नाहीं. छापील पुस्तकाप्रमाणें प्रतीची किंमत घ्यावी आणि पुढें ती प्रत फिरूं द्यावी.

दुसरी गोष्ट सर्वस्वीं आपल्याच हातची आहे. भारतांत लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षें चालतो. हरिभाऊ आपटे १९१९ सालीं वारले, साने गुरुजी ११ जून १९५० रोजीं. दोघांचेंही लेखन आतां सर्वांचें झालें आहे. 'श्यामची आई' कोणीही मोठ्यानें वाचावी, ध्वनिमुद्रित करावी आणि वाचनालयास द्यावी; त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. विनोबांचें निधन १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं झालें, म्हणून त्यांच्या ग्रंथांसाठीं २०४२ अखेरपर्यंत परवानगी मागितलीच पाहिजे. तसेंच दुसऱ्यानें केलेलें तयार ध्वनिमुद्रण परस्पर उतरून घेऊं नये. त्याचा हक्क निराळा असतो. जगांतील हजारों स्वयंसेवक 'लिब्रिव्हॉक्स' या नांवाखालीं २००५ पासून हक्कमुक्त पुस्तकें अशींच वाचून सर्वांस विनामूल्य देत आहेत.

याला साहित्य फारसें लागत नाहीं. दारें-खिडक्या लावलेली शांत खोली, बंद केलेला पंखा, एक चांगला मोबाईल, आणि रोज अर्धा तास वाचील असें एक माणूस एवढें पुरे. एका प्रकरणाची एक फाईल करावी; प्रत्येकीच्या आरंभीं पुस्तकाचें, लेखकाचें व प्रकरणाचें नांव स्पष्ट सांगावें; वाचन सावकाश असावें, अभिनय बेताचा असावा. निवृत्त शिक्षक व शिक्षिका यांच्याइतके या कामास योग्य कोण आहेत? आपल्या घरांतील कित्येक भगिनींचें पोथी वाचण्याचें वळण इतकें शुद्ध असतें कीं, त्यांच्या आवाजांत एक कादंबरी गांवास मिळाली तर ती मोठी देणगीच ठरेल. कोंकणांतील कित्येक गांवांत तरुण मंडळी मुंबईस गेलेली आणि वृद्ध माणसें मागें राहिलेलीं असतात. मागें राहिलेल्यांस संध्याकाळीं सोबत हवी असते, आणि जवळच्या बोलीचा, ओळखीचा आवाज ती सोबत करतो. दूरच्या मुलानेंही दर रविवारीं एक प्रकरण वाचून पाठविलें, तर तें वडिलांस वर्गणीच्या पावतीपेक्षां अधिक प्रिय होईल.

ज्यांस वर्गणी परवडते व हवी आहे त्यांनीं ती अवश्य चालू ठेवावी. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, वर्षांतून एका महिन्याच्या वर्गणीइतकी रक्कम आपल्या मूळ गांवच्या किंवा राहत्या गांवच्या वाचनालयास श्राव्य पुस्तकांसाठीं म्हणून निराळी द्यावी, आणि वार्षिक सभेस हजर राहून तशी नोंद कार्यवृत्तांत करून घ्यावी. खातें उघडल्याशिवाय त्यांत पुस्तक जमा होत नाहीं. सभेंत 'श्राव्य विभाग' हे दोन शब्द एकदां लिहिले गेले, म्हणजे पुढल्या वर्षीं त्या विभागांत किती पुस्तकें आलीं असें विचारण्याचा सभासदांस अधिकार येतो. विचारणारा एक जरी असला तरी काम सुरू होतें, असा आपल्या सार्वजनिक संस्थांचा अनुभव आहे.