ऋण काढून सण



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेने आपल्या मानेवरील शतकांचे जोखड उतरले. त्यानंतर, अगदी काल-परवापर्यंत, ज्या ज्या कुटुंबांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, त्यांनी याच मुक्तीचा मार्ग पत्करला. जातीचे जोखड इतरांनी आपल्यावर लादले होते. परंतु आज आपल्या वस्त्यांत एक असे जोखड शिरत आहे, की जे आपण स्वहस्ते सही करून घरात आणतो. ते कर्जाचे होय. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या भागांतील किती बौद्ध घरांत क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वैयक्तिक कर्जाचा हप्ता या दोन गोष्टींनी महिन्याची पहिली तारीख कडू केली आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशीच पाहावे.

गिरणगावाला कर्ज नवे नाही. हिंदुस्थानातील कामगारांची पाहणी करण्याकरिता नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ साली असे नमूद केले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोनतृतीयांश कामगार कर्जबाजारी असून बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी पठाण काठी घेऊन उभा राही. वाणी आणि जॉबर यांचेही देणे असेच. सावकारांनी गिरणीला असा वेढा घालून वसुली करणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस त्या कमिशनला करावी लागली. त्यातही आपल्या माणसांची स्थिती अधिक हलाखीची होती. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, सबब विटाळ होतो, या कारणाने अस्पृश्य कामगारांना अधिक पगाराच्या विणकाम खात्यात शिरू देत नसत. पगार कमी म्हणून कर्ज अधिक, आणि कर्ज अधिक म्हणून जॉबरपुढे मान खाली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अनेक घरांतील तांब्यापितळेची भांडी आणि मंगळसूत्रेही गहाण पडली. त्या संपाच्या आठवणी सांगणारे वडीलधारे अद्याप आपल्यात आहेत; त्यांना विचारा.

आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे. तेथे काठीवाला कोणी नाही. हसतमुख तरुण आपणांस "सर" म्हणून हाक मारतो आणि कार्डाचा अर्ज पुढे करतो. आता या दोघांचा दर ताडून पाहू. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये शासनाने परवानाधारक सावकारास शेतीबाह्य विनातारण कर्जावर द. सा. द. शे. १८ ची मर्यादा घातली. बँकांना हा कायदा लागू नाही. थकलेल्या कार्डावर दरमहा शेकडा साडेतीन, म्हणजे वर्षास ४२ टक्के आकारणी अनेक बँका करतात. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तोही रद्द ठरविला. ज्याला आपण सावकार म्हणून नावे ठेवतो, त्याच्या दुपटीहून अधिक व्याज आपण सुटाबुटातील सावकारास मुकाट्याने देतो!

"किमान देय रक्कम" या शब्दांत तर सारी मेख आहे. समजा, कार्डावर ५०,००० रुपये थकले, आणि आपण किमान म्हणून शेकडा पाच, म्हणजे २,५०० रुपये भरले. त्यातील १,७५० रुपये त्या महिन्याचे व्याज, ३१५ रुपये त्या व्याजावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर. मुद्दल फिटले अवघे ४३५ रुपये! शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. वैयक्तिक कर्जातही अशीच फसगत होते. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी, "सरळ" १२ टक्क्यांनी, असे दलाल सांगतो. व्याज ३६,००० होते. परंतु मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू राहते, म्हणून खरा दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी व वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदारास मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो आकडा वाचल्याखेरीज सही करू नका.

हे कर्ज कशासाठी निघते, हा प्रश्न आम्हांस अधिक बोचतो. बौद्ध विवाहविधी किती साधा आहे! बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर वंदना, त्रिशरण-पंचशील, उभयतांच्या प्रतिज्ञा आणि पुष्पहार, एवढ्यात तो पुरा होतो. हुंडा, मानपान, वाजंत्री, भटजी या खर्चांतून सुटावे म्हणून तर आपल्या वडिलांनी तो स्वीकारला. आता त्याच विधीभोवती वातानुकूलित सभागृह, लग्नापूर्वीचे छायाचित्रण, डीजे आणि चारशे पाने यांचे कुंपण पडले आहे, आणि त्याचे हप्ते नवदांपत्य तीन-चार वर्षे फेडीत बसते. भटजी गेला, पण त्याची दक्षिणा बँकेकडे गेली. वरळीच्या बीडीडी चाळीतील रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या पहिल्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांची एक खोली सुटून पाचशे चौरस फुटांचे घर मिळाले, याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु त्या घरात पाय ठेवताच हप्त्यावरचा सोफा आणि हप्त्यावरचा दूरदर्शन संच येऊ लागला, तर पुढे देखभालीचा खर्च तरी कशातून द्यावा?

काही सुशिक्षित तरुण म्हणतात, "आमच्या आजोबांना बँकेच्या दारात कोणी उभे करीत नव्हते, आज बँकच आमच्या दारात येते, ही समतेची खूण नव्हे काय?" या म्हणण्यात तथ्य आहे, आणि आम्ही ते उडवून लावीत नाही. पत मिळणे हा हक्कच आहे. बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते. १९२० साली सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून शिल्लक टाकलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांजकडून घेतलेले पाच हजार रुपये घेऊन ते लंडनला गेले. त्या वेळी त्यांचा संसार परळच्या चाळीतील दोन खोल्यांत होता; कर्ज त्यांनी खोल्या सजविण्यास काढले नाही. त्या अभ्यासातून १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुलीच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी किंवा एखाद्या धंद्याच्या यंत्रासाठी अवश्य कर्ज घ्या. त्यासाठी शैक्षणिक कर्ज आहे, आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. तेथे हेलपाटे पडतात हे खरे; परंतु मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाचे हेलपाटे नंतर पडतात.

भगवान बुद्धांनी गृहस्थाला संपत्तीचा तिरस्कार करावयास कधीच शिकविले नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत धन असण्याच्या आणि भोगण्याच्या सुखासोबत ऋण नसण्याचेही सुख आहे. अंगुत्तर निकायात दारिद्र्य, ऋण, व्याज, तगादा, पाठलाग आणि बंधन अशी दुःखाची साखळी त्यांनी दाखविली आहे. मोबाईलवरील तगाद्याने झोप उडालेल्या माणसास ती ओळखीची वाटेल. सिगालाला तर त्यांनी मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले: एक उपभोगास, दोन व्यवसायास आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवण्यास. संघात प्रव्रज्या मागणारास, तू ऋणमुक्त आहेस ना, असे विचारण्याची रीत होती.

जे आधीच अडकले आहेत, त्यांनी लाजेने तोंड लपवू नये, आणि एक कर्ज फेडण्यास दुसरे काढू नये. सर्वांत महाग कर्ज प्रथम फेडा. बँकेत जाऊन कार्डाच्या थकबाकीचे कमी व्याजाच्या हप्त्यांत रूपांतर करण्याची लेखी मागणी करा, आणि तोवर ते कार्ड वापरू नका. वसुली करणाऱ्याने शिवीगाळ करणे, नातेवाइकांस फोन करून बदनाम करणे, सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर कर्जदारास वसुलीचे फोन करणे, यांस रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने बंदी केली आहे. तसे घडल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आणि आपल्या विहारांच्या चिटणिसांना एक विनंती. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास राखून ठेवा. वस्तीत बँकेत नोकरी करणारा वा हिशेब जाणणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी असतेच. ज्यास कर्ज घ्यावयाचे आहे त्याने सही करण्यापूर्वी, आणि ज्याचे थकले आहे त्याने बँकेचे कागद घेऊन, त्यांच्यासमोर बसावे. नाव कोणाचे पुकारू नये.