फडातल्या मुलांसाठी अंदाजपत्रकात जागा कुठे?

दसरा झाला की जत आणि माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. म्हातारी माणसं घर राखायला मागे राहतात, अंगावर पिणारं मूल आईबरोबर जातं. काही टोळ्या कर्नाटकात उतरतात, काही वाळवा-कराडच्या पट्ट्यात. पुढचे चार-पाच महिने त्या मुलाचं घर म्हणजे कोपी, तात्पुरती झोपडी. दिवस उजाडण्याआधी आई कोयता घेऊन फडात शिरते, मूल बांधावरच्या झोळीत असतं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला सात-आठ वर्षांची बहीण. तिची शाळा गावाकडे राहिलेली, त्याची अंगणवाडीही गावाकडेच.

जत आणि वाळवा हे दोन्ही तालुके सांगली जिल्ह्यातले, तर माण आणि कराड साताऱ्यातले. म्हणजे मूल ज्या अंगणवाडीच्या पटावर आहे ती आणि ज्या कोपीत ते राहतं तिच्या जवळची, या दोन्ही अंगणवाड्या पुष्कळदा एकाच जिल्हा परिषदेच्या असतात. स्थलांतरित मुलांचा माग ठेवण्यासाठी राज्य सरकारने संगणकीय प्रणाली उभी केली, हे चांगलंच झालं. पण मोबाइलवर नाव आलं म्हणून पोटात घास जात नाही. नोव्हेंबरात अचानक वाढलेल्या पटासाठी जादा आहार लागतो आणि तो फडाजवळ पोहोचवणारं माणूस लागतं.

पैशाची ओढ खरी आहे. अंगणवाडीतल्या सर्वसाधारण मुलाच्या पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये दिवसाला ८ रुपये ठरवले, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. या ८ रुपयांत ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची, तीही वर्षातले ३०० दिवस. हे दर वाढवण्याचं आश्वासन केंद्रीय अर्थसंकल्पात आलं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये. तेलाचे आणि डाळीचे भाव मात्र तेवढा काळ थांबून राहिले नाहीत. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती आणि कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींवर गेला होता. त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले. बाईच्या हातात दीड हजार रुपये पडले तर ते घरातच लागतात, त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये. पण फडात राबणाऱ्या आईला त्या पैशातून पाळणाघर उभं करता येत नाही. ते सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवं.

हा पैसा जिल्ह्यात अजिबात नाही, असं नाही. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, ग्रामपंचायतीनेही. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी याच खात्यासाठी राखून ठेवण्याचा निर्णय झालेला आहे. शिवाय गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा यातला वाटा एक कोटी होतो. आठ रुपयांच्या दराने एका मुलाच्या ३०० दिवसांच्या आहाराला २,४०० रुपये लागतात. म्हणजे एका कारखान्याच्या वाट्यात चार हजारांवर मुलांचा वर्षाचा आहार निघतो!

अडतं ते नियोजनात. महिला व बालकल्याणाचा हा दहा टक्के वाटा म्हटला की शिलाई यंत्रं, पिठाच्या गिरण्या आणि सायकली हे ठरलेलं. मार्चअखेर जवळ आली की खरेदीची घाई होते, कारण वस्तू एकदाच घ्यायची, एकदाच वाटायची आणि फोटो काढायचा. पाळणाघर चालवायचं तर महिन्याच्या महिन्याला मानधन द्यावं लागतं आणि रोज दूध-अंडं आणावं लागतं. असा खर्च हिशेबाला किचकट असतो, म्हणून तो टाळला जातो. पैसा कमी असताना तर हीच निवड उलटी व्हायला हवी: आधी माणूस आणि आहार, वस्तू नंतर.

माणूस किती मोलाचं आहे, हे राज्याने पाहिलं आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ५२ दिवस संपावर होत्या. गावोगावच्या अंगणवाड्यांना कुलपं लागली.

साताऱ्याला तर आधी आहार हा धडा नवा नाही. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. मुठीमुठीने जमवलेलं धान्य आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे उतरवून दिलेले दागिने यावर ते चाललं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायला बसली. आज कुणा माउलीचे दागिने मोडण्याची गरज नाही, निधीचे वाटे कायद्याने आणि शासननिर्णयांनी ठरलेले आहेत. भाऊरावांनी मात्र क्रम चुकवला नव्हता. पोराची भाकरी आधी.

हा क्रम सभेत धरून लावणारं मात्र मध्यंतरी कुणी नव्हतं. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. या काळात महिला व बालकल्याण समिती नव्हती, सभापती नव्हत्या, अंदाजपत्रकाच्या सभेत उठून प्रश्न विचारणारं लोकनियुक्त माणूस नव्हतं. अधिकारी प्रामाणिक असले तरी फडातल्या बाईचं गाऱ्हाणं त्यांच्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

जतमधल्या सेविकेला आपल्या पटावरची कोणती मुलं दसऱ्यानंतर जाणार, हे श्रावणातच ठाऊक असतं. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे टोळ्यांच्या कराराच्या याद्या असतात. या दोन याद्या एका टेबलावर आल्या तर कुठल्या तळावर किती मुलं उतरणार, याचा अंदाज बांधता येतो आणि त्यानुसार आहार, तात्पुरती मदतनीस आणि एक पत्र्याची शेड ठरवता येते. वाळवा आणि कराडच्या जिल्हा परिषद सदस्यांनी, कारखान्यांच्या संचालकांनी आणि ऊस पिकवणाऱ्या सभासदांनी ही मागणी आपल्या सभेत मांडावी. बॉयलर दसऱ्याच्या सुमारास पेटतो. ठराव त्याआधी व्हायला हवा.