ट्यूब कोणी सांगितली?
आकुर्डीत मेडिकलच्या काउंटरवर नायट्यासाठी मागितल्या जाणाऱ्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. औषधांना सहजी न जुमानणाऱ्या नायट्याच्या एका बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं, तेही भारतावरून. तरी ट्यूब खपतेच. का, हे नुसत्या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी कामगाराच्या खोलीवर बसून ऐकावं लागतं. सीएनसी मशीनवर कूलंटमध्ये भिजणारे हात, घामाने अंगाला चिकटलेला युनिफॉर्म, एकाच दोरीवर चौघांचे दमट कपडे, आणि दवाखान्याच्या रांगेत थांबलं तर बुडणारा रोज. जांघेतली खाज डॉक्टरीणबाईंना दाखवायची कशी, ही लाज तर आधी कोणी बोलतच नाही. प्रश्नावलीत तिला रकाना नसतो. मला तीच सर्वांत मोलाची माहिती वाटते. ती महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत पोचायलाच हवी. ‘खोलीत आणखी कोणाला खाज आहे का,’ एवढं त्यांनी आपणहून विचारलं, तर एकाऐवजी चौघांवर एकदम उपचार सुरू होऊ शकतात.